अनुभव धागा : आपलं कोल्हापूर, मापासकट

कोल्हापूरचं कौतुक करताना माणसं तांबडा-पांढरा रस्सा, चप्पल आणि अंबाबाई ही तीन नावं घेतात आणि थांबतात. या धाग्यात तसं नको. ज्याला जे नीट येतं ते त्यानं असं लिहावं की वाचणाऱ्याला उद्या ते करता यावं, बघता यावं किंवा पारखून घेता यावं. किती, कधी, कुठं चुकतं आणि का, एवढं आलं पाहिजे. आठवणींसाठी वेगळा धागा काढू. नावाऐवजी पेठ किंवा गाव लिहा, म्हणजे कोण कशाबद्दल बोलतंय ते लगेच कळेल.

शिवाजी पेठ

सुरुवात चटणीपासून करायला हवी, कारण बाकीचं सगळं तिच्यावर उभं आहे. इथं नुसतं 'चटणी' म्हटलं की कांदा-लसूण चटणी. ती वर्षाची एकदम होते, एप्रिल-मेमध्ये, वळीव यायच्या आत.

एक किलो मिरचीचं माप देते. ब्याडगी अर्धा किलो, ती रंगाला. संकेश्वरी अर्धा किलो, ती तिखटाला. धने पाव किलो, सुकं खोबरं पाव किलो, तीळ १०० ग्रॅम, लसूण पाव किलो, आलं १०० ग्रॅम, कांदा अर्धा किलो, खडेमीठ पाव किलो, दोन हळकुंडं, कोथिंबिरीची एक जुडी. लवंग, दालचिनी, मिरी, वेलदोडे, दगडफूल, नागकेशर, जायपत्री, शहाजिरं प्रत्येकी साधारण १० ग्रॅम. चार-पाच तमालपत्रं आणि खडा हिंग.

मिरची दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवायची. मुठीत दाबली की चुरा झाला पाहिजे. मग देठं काढायची आणि थोड्या तेलावर मंद भाजायची. इथं घाई केली तर मिरची काळी पडते आणि चटणी वर्षभर कडवट लागते. मसाला एकेक जिन्नस वेगळा तळायचा, कारण मिरी फुलेपर्यंत जायपत्री जळून गेलेली असते. कांदा उभा पातळ चिरून एक दिवस उन्हात घालायचा आणि मग तेलात चांगला तांबूस, कुरकुरीत करायचा. सगळ्यात जास्त चुका इथंच होतात. कांद्यात ओल राहिली की श्रावणात बरणी उघडल्यावर वर पांढरी बुरशी दिसते. कोथिंबीरही धुऊन पूर्ण सुकवलेली हवी.

कांडप डंकावर (मिरची कुटायच्या यंत्रावर) दोन फेऱ्यांत करायचं. पहिल्या फेरीत मिरची आणि कोरडा मसाला कुटून चाळून घ्यायचा, दुसरीत कांदा, लसूण, आलं, कोथिंबीर आणि मीठ घालून पुन्हा. गिरणीत काम लवकर होतं, पण पीठ गरम होतं आणि रंग उतरतो. घरी आणल्यावर परातीत पसरून रात्रभर गार होऊ द्यायची. चिनी मातीच्या बरणीत तळाला हिंगाचे खडे, वर चटणी दाबून दाबून, पुन्हा हिंग, आणि तोंडाला फडकं. मीठ कमी करायचा मोह टाळा. तेच चटणी टिकवतं.

मंगळवार पेठ

ताईंनी चटणी दिली, आता रस्सा. तांबडा आणि पांढरा हे वेगवेगळे शिजत नाहीत. दोघांचं मूळ एकच, अळणी.

मटण एक किलो, हाडांसकट. आलं-लसूण वाटण, मीठ आणि थोडं तेल लावून अर्धा तास ठेवायचं. हळद यावेळी घालू नका, नाहीतर पांढरा पिवळा होतो. पातेल्यात परतून अडीच लिटर उकळतं पाणी घालायचं आणि मंद आचेवर मटण मऊ होईपर्यंत शिजवायचं. वरचं पाणी गाळून घेतलं की ते अळणी. लहान मुलांना आणि आजाऱ्याला वाटीभर तेच देतात. उरलेल्या अळणीचे दोन भाग करायचे.

पांढऱ्यासाठी एका नारळाचं घट्ट दूध, भिजवलेले काजू, खसखस आणि पांढरे तीळ मिळून अर्धी वाटी, अगदी गंधासारखं वाटून. तुपात लवंग, दालचिनी, वेलदोडा, मिरी आणि दोन हिरव्या मिरच्या तडतडवायच्या, वाटण हलकं परतायचं (रंग बदलू द्यायचा नाही), अळणी घालून उकळी आणायची. मग आच अगदी बारीक करून नारळाचं दूध घालायचं आणि एकाच दिशेनं ढवळत राहायचं. त्यानंतर उकळी आली की रस्सा फुटतो, वर तेल आणि खाली चोथा. फुटलेला पांढरा परत जुळत नाही. जेवायला बसताना तो नुसता गरम करायचा, उकळायचा नाही.

तांबड्याला कांदा, सुकं खोबरं आणि तीळ चांगले भाजून वाटायचे. तेल सढळ हवं. वाटण कडेनं तेल सुटेपर्यंत परतायचं, मग चटणी चार मोठे चमचे. चटणी पडल्यावर अर्ध्या मिनिटात अळणी गेलं पाहिजे, नाहीतर ती जळते. आणि अळणी उकळतं असलं पाहिजे. गार पाणी ओतलं की कट (तेलाचा तांबडा तवंग) वर येत नाही, रस्सा नुसता लाल आणि सपक दिसतो. रस्सा झाकून पाच मिनिटं तसाच राहू दे, मग झाकण काढून बघा. वर तांबडा तवंग आरशासारखा सपाट उभा असतो, पळी घातली की बाजूला सरकतो आणि परत मिटतो. तो दिसला की समजा जमलं.

पहिली वाटी पांढऱ्याची, पिऊन. तांबडा भाकरीबरोबर. उलट केलं तर पांढऱ्याची चवच कळत नाही.

राजारामपुरी

मिसळीबद्दल दोनच ओळी. इथं मिसळीबरोबर स्लाइस ब्रेड येतो, कारण तो कट, म्हणजे मिसळीचा तिखट रस्सा, पितो. कट संपला की परत मागायचा, लाजायचं नाही. सकाळी आठ ते अकरा ही खरी वेळ. दुपारनंतर कट आटून खारट झालेला असतो.

कसबा बावडा

जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापूरकर एकमेकांना 'जेवलास काय' विचारायच्या आधी 'राजारामला किती?' विचारतो. त्याचा अर्थ बाहेरच्यांसाठी लिहितो.

राजाराम बंधारा बावड्याजवळ पंचगंगेवर आहे. पाणीपातळी तिथं फूट आणि इंचात मोजतात. ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट ही धोका पातळी. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या पुढं गेलं होतं.

नुसता आकडा बघून उपयोग नाही, चढ बघायचा. तासाला एक इंच चढत असेल तर हातात वेळ आहे. तासाला तीन-चार इंच चढायला लागलं की रात्रीची वाट न बघता सामान वर न्यायचं. त्याचबरोबर राधानगरीची बातमी. शाहू महाराजांनी भोगावती नदीवर सुरू केलेल्या या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. धरण भरलं की ते पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात, कोणी आदेश देण्याची गरज नसते. एका दरवाजातून १,४२८ क्युसेक पाणी येतं. किती उघडलेत हे कळलं की गुणाकार आपला आपण करता येतो. पण पंचगंगेत कासारी, कुंभी आणि तुळशीचंही पाणी येतं, त्यामुळं गगनबावड्याकडं आणि पन्हाळ्याच्या पश्चिमेला किती पडतोय हेही बघावं. राधानगरी शांत असूनही नदी चढते ती यामुळंच.

दुसरी खूण जुन्या माणसांची. आंबेवाडीजवळचा रेडेडोह फुटला की पूर आला असं धरतात. पन्हाळा-रत्नागिरी रस्ता त्या बाजूला पाण्याखाली जातो. शहरात पहिल्यांदा सुतारवाडा आणि जयंती नाल्याच्या काठची घरं. नदीचं पाणी नाल्यातून उलटं आत शिरतं, म्हणून नदी लांब दिसली तरी गाफील राहायचं नाही.

पाऊस थांबला तरी पाणी लगेच का उतरत नाही? नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. कृष्णा फुगलेली असली की आपलं पाणी तुंबून राहतं. म्हणून उतार इंचा-इंचानं असतो. ३९ च्या खाली येऊन एक दिवस गेल्याशिवाय खालच्या मजल्यावर सामान लावू नये. गाळ ओला असतानाच खराट्यानं आणि पाण्यानं काढावा. वाळला तर तो फरशीला सिमेंटसारखा धरतो.

महाद्वार रोड

किरणोत्सव, म्हणजे मावळतीचं ऊन अंबाबाईच्या मूर्तीवर पडतं तो सोहळा, बघायला येणाऱ्यांसाठी. देवी पश्चिमाभिमुख आहे. मावळतीची किरणं महाद्वारातून शिरून गरुड मंडप, मग पितळी उंबरा, चांदीचा उंबरा, कटांजन (देवीपुढचा कठडा) असं करत गाभाऱ्यात जातात. परंपरेनं दिवस ठरलेले : ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी. पहिल्या दिवशी चरणांवर, दुसऱ्या दिवशी मध्यभागी, तिसऱ्या दिवशी मुखावर. वर्षातून दोनदा का, तर सूर्य दक्षिणेकडं जाताना आणि परत येताना क्षितिजावरच्या त्याच जागी मावळतो. सूर्य सगळ्यात दक्षिणेला असतो त्या २१-२२ डिसेंबरच्या दोन्ही बाजूंना तारखा मोजून बघा, अंतर जवळजवळ सारखं येतं. ज्यांनी देऊळ बांधलं त्यांना हा हिशेब पक्का ठाऊक होता, आणि दर वेळी तो डोळ्यांसमोर खरा होताना बघून हात आपोआप जोडले जातात.

नोव्हेंबरात पावणेसहाच्या सुमाराला आणि फेब्रुवारीच्या वेळी सव्वासहाच्या सुमाराला किरणं आत पोचतात. देवीवर ती थोडीच मिनिटं असतात. दुपारी चारच्या आत रांगेत असावं. अडतं ते तीन गोष्टींनी : क्षितिजावरचे ढग, हवेतली धूळ-बाष्प, आणि वाटेवरच्या इमारती. किरण जमिनीला जवळजवळ समांतर येतो, त्यामुळं गच्चीवरची एक पाण्याची टाकीसुद्धा पुरते. या पट्ट्यात घर असलेल्यांनी त्या दिवसांत गच्चीवर काही उभं करू नये, ही कळकळीची विनंती.

सुभाषनगर

चप्पल घेताना काय बघायचं ते सांगतो. भाग असे : तळ, टाच, दोन्ही बाजूंचे कान, पट्टा, वेणी आणि अंगठा. खरी चप्पल चामड्याच्या वादीनं शिवलेली असते, खिळा नसतो. तळ उलटा करून टाका बघा. कडेला थर दिसले पाहिजेत. नुसती रंगाची गुळगुळीत रेघ दिसली तर आत पुठ्ठा किंवा रेक्झिन असू शकतं. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या चामड्याला मातकट, तुरट वास असतो. रसायनाचा उग्र वास आला तर ठेवून द्या.

माप किंचित घट्ट घ्या, चामडं आठवड्याभरात पायाप्रमाणं सैल होतं. अंगठा चावतो ही तक्रार सगळ्यांची. त्यावर उपाय म्हणजे रात्री अंगठा आणि कानांना आतून एरंडेल चोळून ठेवायचं, आणि पहिले चार दिवस तास-दीड तासच घालायची. पावसात घालू नये. भिजलीच तर फडक्यानं टिपून सावलीत वाळवा. उन्हात ठेवली की तळ वाकतो आणि थर सुटतात.

२०१९ ला भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. त्यात वावगं काही नाही. अथणीकडचे हातही तितकेच कसलेले आहेत.

वडणगे

गुळाचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. एक टन उसाला साधारण १०० ते १२० किलो गूळ पडतो. रस काहिलीत (मोठ्या पसरट कढईत) चढला की भेंडीची झाडं ठेचून त्याचं चिकट पाणी घालतात, त्यानं मळी वर येते. ती झाऱ्यानं जितकी निगुतीनं काढाल तितका गूळ स्वच्छ. चुना चिमटीनं. जास्त झाला तर गूळ काळवंडतो, कमी झाला तर नीट बसत नाही. चुलवणात (काहिलीखालच्या भट्टीत) चिपाड घालणारा जळव्या आणि काहिलीजवळचा गुळव्या यांचं एकमेकांशी जमलं पाहिजे, कारण शेवटच्या पाच मिनिटांत आच जास्त झाली की सगळी काहील करपते.

गुळव्या पाक पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळतो. गोळी भांड्यावर मारली आणि टण्ण वाजली की लगेच काहील पाक गार करायच्या वाफ्यात ओतायची. मग थोडं घोटून ३० किलोचा रवा, म्हणजे ढेप.

पावसाळ्यात गूळ पाझरतो त्याला दोन कारणं : खारवट जमिनीतला ऊस, किंवा तोडून दोन-तीन दिवस पडून राहिलेला ऊस. विकत घेताना पिवळ्याधमक रंगाला भुलू नका. चांगला गूळ सोनेरी-तपकिरी असतो, फोडल्यावर आत कण दिसतात आणि जिभेला खारट लागत नाही.

गंगावेश

संध्याकाळी कट्ट्यावर म्हैस समोर पिळून दूध देतात, ते प्यायला या. पेला सांगितला की लगेच प्यायचं, फेस बसायच्या आत. साखर घालायची नाही. पोट नाजूक असेल किंवा लहान मूल बरोबर असेल तर तेच दूध भांड्यात घेऊन घरी तापवून प्या, कच्चं नको.

शिवाजी पेठ

परत आले, एकच सांगायचं राहिलं. बाहेरून सून होऊन येणाऱ्या मुलींना इथल्या बोलण्याचं नवल वाटतं. इथल्या मुली 'मी आलो', 'मी जातो' म्हणतात. ती चूक नव्हे, इथली रीत आहे, आणि कोणी सुधारायला गेलं तरी सुधारू नका. आणि वरच्या मटणाच्या मापाला चटणी चार चमचे म्हटलंय ते पोह्यांच्या चमच्यानं धरा. जेवायच्या पळीनं घातली तर रस्सा खाता येणार नाही.