बीड (ओतीव लोखंड) आणि पीव्हीसी (प्लास्टिक) अशा मिश्र जलवाहिनीतील गळती आवाजावरून शोधताना अडचण – मार्गदर्शन हवे (इंदूर)

नमस्कार. आमच्या वसाहतीच्या अंतर्गत जलवाहिनीला गळती लागली आहे आणि काँक्रीटचा रस्ता फोडण्याआधी तिची जागा निश्चित व्हावी, यासाठी जाणकारांना ही विनंती करीत आहे. नर्मदेचे पाणी जलूदहून सुमारे ७० किलोमीटर अंतर चढवून इंदुरात आणले जाते आणि आम्हाला ते दिवसाआड मिळते. ते असे जमिनीत जिरताना पाहवत नाही.

इमारतींकडे जाणारे सर्व व्हॉल्व्ह रात्री बंद करून पंपाने दाब दिला, तरी दाबमापकाचा काटा उतरतो. म्हणजे दोष जमिनीखालच्या भागातच आहे. ओल मात्र कुठेही दिसत नाही. काळ्या मातीखाली मुरूम असल्याने पाणी चराच्या तळाने दूर जात असावे.

तंत्रज्ञांनी दोन व्हॉल्व्हवर संवेदक बसवून कोरिलेटर चालवला. गळतीचा आवाज दोन्ही टोकांना किती फरकाने पोहोचतो यावरून हे यंत्र जागा काढते, त्यामुळे पाइपातील आवाजाचा वेग अचूक ठाऊक असावा लागतो. आमची मूळ वाहिनी बीडाची आहे, पण जुन्या दुरुस्तीत मधला काही भाग पीव्हीसीचा घातला गेला आणि त्याचा नकाशा कोणाकडेही नाही. बीडात हा वेग सेकंदाला साधारण १२०० मीटर धरतात, पीव्हीसीत ४५० च्या आसपास. समजा मध्ये २० मीटर पीव्हीसी आहे आणि गळती बीडाच्या भागात आहे. तेवढ्या तुकड्यात आवाजाला सुमारे २८ मिलिसेकंद अधिक लागतील आणि सगळी वाहिनी बीडाची धरून केलेला हिशेब १६-१७ मीटरने चुकेल. जमिनीवर ठेवून खालचा आवाज ऐकण्याच्या ग्राउंड मायक्रोफोनवर सर्वांत मोठा आवाज ऐकू आला तो कोरिलेटरने दाखवलेल्या जागेपासून बराच दूर, वाहिनीच्या वळणापाशी. प्लास्टिकमध्ये वरच्या पट्टीचा आवाज लवकर विरतो, हे ध्यानात घेता या दुसऱ्या खुणेवरही पूर्ण भरवसा ठेवता येत नाही.

मला असे सुचते की दोन संवेदकांच्या बाहेरच्या बाजूला, त्याच वाहिनीवरील एखादा नळ मुद्दाम सोडून आवाज निर्माण करावा. तो एका संवेदकापासून दुसऱ्यापर्यंत जाण्यास लागणारा पूर्ण वेळ मोजला, तर पीव्हीसीची एकूण लांबी काढता येईल. आणि धातूच्या पाइपात विद्युत संकेत सोडून माग काढणाऱ्या यंत्राचा संकेत जिथे तुटेल, तिथे पीव्हीसी सुरू होते असे धरता येईल. असे प्रत्यक्ष कोणी केले आहे का? केले असल्यास गळतीचा स्वतःचा आवाज त्या मोजणीत किती आड आला?

पाइपावर बाहेरून लावायच्या संवेदकांऐवजी पाण्यात बुडवायचे हायड्रोफोन अशा मिश्र वाहिनीवर अधिक उपयोगी पडतात, असेही वाचले आहे. त्यासाठी व्हॉल्व्हच्या जागी काय जोडणी करावी लागते? तसेच ५ टक्के हायड्रोजन व बाकी नायट्रोजन असे मिश्रण वाहिनीत सोडून शोध घ्यायचा झाल्यास, गळतीतून वर येणारा वायू टिपण्यासाठी काँक्रीटला किती अंतरावर भोके पाडणे योग्य ठरेल?