ढाबळीत साल्मोनेला फिरून फिरून येतो, अँटिबायोटिकशिवाय आवरेल का?

प्रश्न
मांसासाठी कबुतरं पाळतो. अंड्यात पिल्लू मरतं, घरट्यातली पिल्लं खंगतात, मोठ्यांपैकी एखाद्याचा पंखाचा सांधा सुजतो, शीट हिरवी आणि पातळ. तपासणीत साल्मोनेला हा जंतू निघाला. पाण्यातून औषध दिलं की थांबतो आणि पुढच्या विणीला पुन्हा हजर. व्हिनेगर, लसूण, प्रोबायोटिक (आतड्यातले उपयोगी जंतू) यांतलं काय द्यावं?

उत्तर १
मी पाण्यात लिटरला 5 मिली सफरचंदाचं व्हिनेगर घालतो. जस्ताच्या पत्र्याच्या भांड्यात मात्र नको, आम्लाने जस्त पाण्यात उतरतं.

उत्तर २
व्हिनेगरने पाणी बरं राहतं, पण जंतू बाळगणारी जोडी तशीच राहते. खरं दुखणं तिथे आहे. वरून ठणठणीत दिसणारं कबुतर अधूनमधून शिटेतून जंतू सोडतं आणि औषधाच्या कोर्सनंतरही ते वाहक राहू शकतं. त्यामुळे एका दिवसाच्या नमुन्यावर विसंबू नका. प्रत्येक कप्प्याची सलग काही दिवसांची शीट एकत्र करून कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या तपासणीला द्या. जोडीनिहाय वही ठेवा: किती अंडी, किती गर्भ मेले, किती पिल्लं उठली. ज्या जोडीचं पुन्हा पुन्हा बिघडतं ती काढा, मग ती कितीही देखणी असो.

कबुतरांची अडचण अशी की पहिली पिल्लं घरट्यात असतानाच मादी पुढची अंडी घालते. कोंबड्यांची शेड तुकडी गेली की रिकामी करून धुता येते, ढाबळ कधीच रिकामी होत नाही. म्हणून ती लहान कप्प्यांत तोडा आणि एकेक कप्पा आळीपाळीने रिकामा करा. आधी शीट खरवडा, मग धुवा, पूर्ण वाळवा, त्यानंतर जंतुनाशक; शिटेच्या थरावर मारलेलं वाया जातं. खरवडताना मास्क लावा, सुक्या शिटेच्या धुळीतून सिटाकोसिस हा फुप्फुसाचा आजार माणसाला होतो. दाण्यापाशी उंदीर येत असतील तर ते जंतू परत आणतात आणि बाकी सगळं व्यर्थ.

प्रोबायोटिकचं म्हणाल तर असे जंतू जिथे वसतात ती आंधळी आतडी (आतड्याच्या बंद टोकाच्या पिशव्या) कोंबडीची मोठी, कबुतराची नावापुरती. कोंबडीवरचे निकाल इथे जसेच्या तसे लावू नका. लसणावर माझा भरवसा नाही. लस मात्र पशुवैद्याला जरूर विचारा, संसर्ग कमी करायला तिची मदत होते. नवीन पक्षी निदान चार आठवडे वेगळे ठेवा.

प्रश्नकर्ता
म्हणजे औषध अजिबात नको?

उत्तर २
तसं नाही. आजारी पक्ष्याला वेगळा करून पशुवैद्य सांगतील ते द्या. पण पिल्लू साधारण चार आठवड्यांचं झालं की मांसासाठी जातं आणि तोवर आईबापच त्याला भरवतात. सगळ्या ढाबळीच्या पाण्यात औषध घातलंत तर ते पिल्लापर्यंतही पोचतं, आणि मांसातून अंश जायचा काळ पाळायला दिवस उरत नाहीत.

उत्तर ३
मान वाकडी होणारे पक्षी असतील तर पॅरामिक्झोव्हायरसही तपासून घ्या. तेच लक्षण साल्मोनेलातही दिसतं, आणि विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही.