दूध पुरत नाही, की मलाच तसं वाटतंय?

बाळ १९ दिवसांचं. कोथरूडला माहेरी आहे. ते रडलं की आई म्हणते, "उपाशी आहे गं, पावडरचा डबा आणू?" काल पहाटे तीनला पाजता पाजता मीच रडत होते, त्याचं टोपडं भिजलं. मी कमी पडतेय का?

– दिवसाला सहा-सात लंगोट ओले होतात? वजन वाढतंय? मग पुरतंय. २४ तासांत ८ ते १२ वेळा पितात ही मंडळी. अळिवाचे लाडू आवडत असतील तरच खा!

– असं रडू साधारण दोन आठवड्यांत ओसरतं. तुझं थांबलेलं नाही, तर डॉक्टरांना तेही सांग. नुसतं दुधाचं नको.

– वजन वाढलंय. लंगोट मोजले, सात! पावसात वाळत नाहीयेत, आईला दोरीवरच दाखवले. सोमवारी डॉक्टरांकडे जातेय, रडण्याचंही सांगते.