क्युरेटर व्हायचंय म्हणे! हे करिअर आहे की पैसेवाल्यांची हौस?

भाचेमामा
मंडळी, विषय घरगुती आहे पण भांडण सार्वजनिक करण्यासारखं आहे म्हणून टाकतोय. माझी भाची जेजेला फाईन आर्टच्या शेवटच्या वर्षाला आहे, परवा जेवताना तिने जाहीर केलं की चित्रकार नाही व्हायचं, क्युरेटर (प्रदर्शनात काय आणि कसं मांडायचं ते ठरवणारा) व्हायचंय आणि पुढेमागे एखाद्या म्युझियमची डायरेक्टर. बहीण आमटीचा डाव हातात तसाच धरून म्हणाली, "म्हणजे नक्की करायचं काय असतं?" आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, कारण घरात म्युझियमला स्वतःहून जाणारा मी एकटाच.

मी उदाहरण दिलं भायखळ्याचं. राणीबागेतलं भाऊ दाजी लाड म्युझियम, १८७२ ला उघडलेलं, मुंबईतलं सगळ्यात जुनं. आमच्या लहानपणी तिथे हत्ती बघून झाल्यावर पाय दुखले की सावलीला जायचो, आत अंधार आणि धूळ, पाटी पण वाचता यायची नाही. मग २००३ मध्ये महापालिका, इन्टॅक (वारसा जतन करणारी संस्था) आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांचा करार झाला, इमारतीचं काम विकास दिलावरींनी केलं, २००५ ला युनेस्कोचा पुरस्कार आला, २००८ ला म्युझियम परत उघडलं. या सगळ्यामागे लागलेलं नाव तस्नीम झकारिया मेहता. त्यानंतर त्यांनी जुन्या कपाटांच्या मधोमध आजच्या कलाकारांना आणून बसवलं, सुदर्शन शेट्टी, जितीश कल्लाट, अतुल डोडिया वगैरे. म्हणजे क्युरेटर पण आणि डायरेक्टर पण. काम मला आवडतं, वाद तो नाही.

वाद असा की त्यांचं पद होतं ऑनररी डायरेक्टर. मानद. एनजीएमए, म्हणजे सरकारी राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय, मुंबईत १९९६ ला सुरू झालं तेव्हा सरयू दोशी, त्यासुद्धा मानद. म्हणजे या शहरात आजची कला कुठे कशी दाखवायची हे ठरवणाऱ्या दोन मोठ्या खुर्च्या आणि दोन्हीवर मानद संचालक! दोघींच्या विद्वत्तेबद्दल शंका नाही, पण ज्याच्या घरचा हप्ता चालू आहे त्याने या खुर्चीकडे बघायचं तरी कसं? माझं मत स्पष्ट आहे, हे करिअर नाही, ही हौस आहे, चांगली हौस आहे पण हौसच. भाचीला बीएड करायला सांगितलं तर तिने दोन दिवस बोलणं टाकलंय.

तिरकी_रेघ
मामा, पगाराचं सोडा, मला मुळात कामच पटत नाही. आईला घेऊन गेलो होतो, तिला ती मातीची छोटी माणसं बघायची होती, वेगवेगळ्या जातीजमातींची, पगड्या लुगड्यांसकट, ती खरंच बघण्यासारखी आहेत. तर मध्येच कुठल्यातरी आर्टिस्टचं काहीतरी लटकवलेलं आणि शेजारी पाऊण भिंत मजकूर. आई म्हणाली "हे दुरुस्तीला काढलंय का?" मी खरंच हसलो नाही कारण मलाही कळत नव्हतं. शहराचं म्युझियम शहराला आधी समजू दे की, प्रश्न उपस्थित करायला गॅलऱ्या आहेत कुलाब्याला. डायरेक्टरचं काम वस्तू नीट ठेवणे, पाट्या नीट लिहिणे, संडास स्वच्छ ठेवणे. संपलं.

पणजी_टू_परळ
संडासाबद्दल शंभर टक्के सहमत, बाकी नाही.

तिरकी रेघ, २०१३ मध्ये रीना सैनी कल्लाटने याच इमारतीच्या दर्शनी भागावर एक प्रचंड कोळ्याचं जाळं लावलं होतं, आठवतंय का कोणाला? लांबून जाळं, जवळ गेलं की ते रबरी शिक्क्यांचं, ऑफिसात मारतात तसल्या शिक्क्यांचं, आणि प्रत्येकावर मुंबईच्या रस्त्याचं जुनं इंग्रजी नाव. आता ही इमारत कोणती? जिचं स्वतःचं नाव १९७५ पर्यंत व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम होतं. आणि आवारात कोण उभं आहे? काळा घोडा चौकातून उचलून आणलेला तो काळ्या घोड्याचा पुतळा, वरच्या इंग्रज राजासकट! आणि तो घारापुरीचा दगडी हत्ती, जो इंग्रज विलायतेला न्यायला निघाले आणि क्रेन तुटून त्याचे तुकडे झाले. अशा जागी ते जाळं लावणं याला मी क्युरेटिंग म्हणते. पाटी लिहून हे सांगता आलं असतं, पण पाटी वाचतं कोण हो, तुम्हीच म्हणता पाऊण भिंत मजकूर.

जाता जाता, भाऊ दाजी आमच्या पेडण्याचे, मांद्र्याचे. लोकांना वाटतं गिरगावातलेच.

तिरकी_रेघ
जाळं मी पाहिलेलं नाही, ऐकायला छान वाटतंय हे मान्य. पण ते एक झालं. एका जाळ्यावर किती वर्षं काढणार?

भिंतीवरचा_खिळा
या धंद्यात नऊ वर्षं आहे म्हणून लिहितोय, थोडं लांबेल.

मामा, तुम्ही दोन खुर्च्या बघितल्या आणि त्यावरून सगळं दुकान हौशी ठरवलं. क्युरेटरचं नाव भिंतीवर सगळ्यात वर असतं, पण त्याखाली जी माणसं असतात ती पगारावरच जगतात, कमी असला तरी पगारच. माझी पहिली नोकरी एका खाजगी गॅलरीत, नाव नको, काम काय तर कंडिशन रिपोर्ट. बाहेरून आलेला क्रेट लगेच उघडायचा नाही, चोवीस तास तसाच खोलीत ठेवायचा, आतल्या वस्तूला इथली हवा सोसली पाहिजे. मग चित्र बाहेर काढून टॉर्च बाजूने तिरका धरायचा, समोरून नाही, तिरकाच, तेव्हा कुठे रंगाचा उठलेला पोपडा दिसतो. मग लिहायचं, खाली डाव्या कोपऱ्यात ३ मिमी चरा, फोटो, सही. परत पाठवताना हेच सगळं पुन्हा. चरा ४ मिमी झाला तर इन्शुरन्सवाला, मालक आणि तुमचा बॉस तिघंही तुमच्याकडेच बघतात. भाचीने आधी हे दोन वर्षं करावं, मग ठरवावं.

आणि मराठी! तिथे एकदा भिंतीवरच्या मजकुराचं मराठी बाहेरून करून आणलं, 'इन्स्टॉलेशन'चं भाषांतर होतं 'स्थापना'. कलाकाराचं नाव आणि खाली 'स्थापना, २०१५'. जणू गणपती बसवला होता. मी रात्री साडेनऊला व्हिनाइल खरवडून 'मांडणशिल्प' चिकटवलं. तिरकी रेघ, तुमच्या आईंना जे कळलं नाही त्यातला अर्धा दोष अशा भाषांतराचा असतो, कलेचा नाही.

पगाराचं म्हणाल तर रुबिना करोडे बघा. बडोद्याला शिकल्या, वर्षानुवर्षं कलेतिहास शिकवला, मग दिल्लीत किरण नाडर यांच्या खाजगी म्युझियमच्या डायरेक्टर आणि चीफ क्युरेटर झाल्या. चित्रकार नसरीन मोहमदीच्या रेघांवर त्यांनी इतकं काम केलं की ते प्रदर्शन माद्रिदला गेलं आणि २०१६ ला न्यूयॉर्कला मेट म्युझियमची मेट ब्रॉयर ही शाखा उघडली तेच नसरीनच्या प्रदर्शनाने. २०१९ ला व्हेनिस बिएनालेतलं (दर दोन वर्षांनी भरणारं मोठं कलाप्रदर्शन) भारताचं दालन त्यांच्याकडे. मास्तरकीतून आलेली बाई आहे, तेव्हा तुमचं बीएड अगदीच वाया नाही :)

भाचेमामा
खिळेसाहेब, टॉर्चचं वाचून भाचीला स्क्रीनशॉट पाठवला, उत्तर आलं "मला हे माहीत आहे". म्हणजे बोलायला लागली.

पण तुमच्या उदाहरणात पण मागे एक नाडर आहेतच ना. कोणीतरी म्युझियम काढेल तेव्हा नोकरी. सरकारी खुर्ची का नको मग? बदलीची पण पगाराची.

जुनं_खोड
सरकारी खुर्चीबद्दल विचारलंत म्हणून. चित्रकार प्रभाकर बरवेंचं प्रदर्शन, एनजीएमए मुंबई, फेब्रुवारी २०१९. उद्घाटनाला अमोल पालेकर बोलत होते, स्थानिक कलाकारांची सल्लागार समिती बरखास्त करून आता दिल्लीहून ठरणार का, एवढंच विचारत होते, आणि त्यांना भर भाषणात मध्ये मध्ये थांबवलं गेलं. विषयावर बोला म्हणे. बरवेंच्या प्रदर्शनात, बरवेंची गॅलरी कोण चालवणार हा विषय नाही तर काय? व्हिडिओ सगळ्या महाराष्ट्राने पाहिला. पगार मिळतो हो, पण समोरचा माणूस बोलत असताना कोणाच्या बाजूने उभं राहायचं हे त्या पगारात आधीच ठरून येतं. मी आयुष्यभर सरकारी नोकरी केली, वेगळ्या खात्यात, त्या खुर्चीवर बसलेल्या माणसाची मला दयाच आली.

त्यापेक्षा मानद बरा. त्याला कोणी बदली करून चंद्रपूरला पाठवत नाही.

सोलापुरी_चादर
चंद्रपूरला काय वाईट आहे??

तुम्ही सगळे राणीबाग ते काळा घोडा यातच फिरताय. आमच्याकडे पेंग्विन पण नाही आणि म्युझियम पण नाही. २००८ च्या सुमारास सुधीर पटवर्धनांनी समकालीन भारतीय चित्रकारांचं एक प्रदर्शन महाराष्ट्रातल्या शहराशहरांतून फिरवलं होतं, मूळ चित्रं, छापील प्रती नाहीत. असं काही मुंबईबाहेर येतं यावरच आमचा विश्वास बसत नव्हता. त्याला म्युझियम लागलं नाही, डायरेक्टर लागला नाही. एक ठाण्याचा चित्रकार, जो अनेक वर्षं रेडिओलॉजिस्ट म्हणून प्रॅक्टिस करत होता. मला क्युरेटर म्हटलं की तोच माणूस आठवतो. आणि तुमच्या त्या सरकारी एनजीएमएत २०१९ च्या शेवटी त्याच पटवर्धनांचं मोठं सिंहावलोकन झालं बरं का, नॅन्सी अदजानियांनी केलं, त्या कुठल्या खुर्चीवर नाहीत, स्वतंत्र काम करतात. म्हणजे बाहेरून येऊन पण करता येतं.

तिरकी_रेघ
कलाकारच क्युरेटर झाला की काय होतं ते कोचीच्या बिएनालेत दिसतंच. २०२२ ला उद्घाटनाला लोक विमानाने पोचले आणि ऐनवेळी कळलं १२ डिसेंबरचं २३ डिसेंबर झालं. मला वाटतं कलाकार लोकांनी चित्रं काढावीत, क्रेट वेळेवर उघडायला खिळेसाहेबांसारखा माणूस लागतो.

भिंतीवरचा_खिळा
धन्यवाद, पण ते अन्यायाचं आहे. कोचीत दर वेळी क्युरेटर कलाकारच असतो, २०१४ ला कल्लाट, २०१६ ला सुदर्शन शेट्टी, आणि सहाव्या खेपेला निखिल चोप्रा, गोव्याच्या एचएच आर्ट स्पेसेस या कलाकारांच्या गटाबरोबर. ११ दिवसांचा उशीर क्युरेटरमुळे होत नाही, क्रेट कस्टममध्ये अडकतात, छप्पर गळतं, पैसे येत नाहीत. शिव्या मात्र भिंतीवर ज्याचं नाव त्याला. भायखळ्याला पण बघा, नव्या विंगसाठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा घेतली, २०१४ ला स्टीव्हन हॉलचं डिझाईन निवडलं, एवढा मोठा आर्किटेक्ट, आणि विंग काही उभी राहिली नाही. डायरेक्टरच्या आयुष्यातली वर्षं अशा फायलींत जातात, ते कुठल्या बायोडेटात दिसत नाही.

पणजी_टू_परळ
एक गंमत लक्षात आली. भाऊ दाजी कोण, डॉक्टर, ग्रँट मेडिकलच्या पहिल्या बॅचचे. या म्युझियमचा सुरुवातीचा क्युरेटर जॉर्ज बर्डवूड, तोही डॉक्टर. पटवर्धन, डॉक्टर. म्हणजे दीडशे वर्षं या प्रांतात क्युरेटिंग डॉक्टर लोकच फावल्या वेळात करतायत!

भाचेमामा
हे मी बहिणीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, बघ, मी बारावीलाच म्हणत होते मेडिकलला घाला. आता भाची माझ्याशी परत बोलत नाहीये.

बाकी खिळेसाहेब, तुमच्याकडे सुट्टीत दोन महिने कोणाला टॉर्च धरायला लागत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. पगार विचारत नाही, निदान ट्रेनच्या पासाचं बघा.

भिंतीवरचा_खिळा
पास देतो, दुपारचा डबा घरून. पाठवा. आणि तिला सांगा बुधवारी भायखळ्याला जाऊ नको, म्युझियम बंद असतं.