शाखेगणिक वेगळी फाइल कशाला?

क्लासच्या वेबसाइटवर दादर, अंधेरी, बोरिवली या तिन्ही शाखांच्या पानांवर फॉर्म तोच, नकाशा तोच. फरक फक्त पत्ता, फी आणि बॅचच्या वेळांचा. त्यासाठी पानांच्या जावास्क्रिप्ट फाइलच्या तीन कॉप्या करून प्रत्येकीत वरच्या सेटिंगच्या ओळी बदला, असा सल्ला कुणी दिला तर तो मला पटत नाही. एक बग निघाला की तीन ठिकाणी हात घाला, आणि एखादं ठिकाण हमखास राहतंच.

फाइल एकच ठेवा, तिच्यात शाखेचं नावसुद्धा नको. पानापुरतं जे आहे ते त्या पानाच्या एचटीएमएलमध्ये. दोन-तीनच गोष्टी असतील तर डेटा-ॲट्रिब्यूट, म्हणजे टॅगमध्येच 'data-' लावून लिहिलेल्या व्हॅल्यू, पुरतात. मात्र स्क्रिप्ट त्या डेटासेटमधून वाचते, आणि तिथून येणारी प्रत्येक व्हॅल्यू स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर असते. नकाशा लपवायला 'फॉल्स' लिहिलंत तरी इफच्या अटीच्या लेखी ती भरलेली स्ट्रिंग, म्हणजे ट्रूच. बसा मग शोधत! सेटिंग जास्त असतील तर ती पानातल्या एका स्क्रिप्ट टॅगमध्ये जेसन (की-व्हॅल्यूच्या जोड्या लिहायची पद्धत) म्हणून लिहा आणि त्या टॅगला 'ॲप्लिकेशन/जेसन' टाइप द्या. ब्राउझर तो मजकूर कोड म्हणून चालवत नाही, तुम्ही जेसन.पार्सने वाचायचा.

डीफॉल्ट, म्हणजे पानाने काही दिलं नाही तर वापरायच्या व्हॅल्यू, मूळ फाइलमध्ये असू द्या आणि पानाची सेटिंग त्यावर ऑब्जेक्ट.असाइनने चढवा. पहिला आर्ग्युमेंट रिकामा ऑब्जेक्ट द्या, नाहीतर डीफॉल्टच बदलून बसतील. शिवाय हे मर्ज वरवरचं असतं, आतला ऑब्जेक्ट अख्खाच बदलला जातो. 'वेळा'च्या आत सकाळ-संध्याकाळ दोन्ही आहेत आणि अंधेरीच्या पानाने फक्त सकाळ दिली, तर संध्याकाळची बॅच गायब. म्हणून सेटिंग शक्यतो सपाट ठेवा, दोन्ही वेळांच्या की वेगवेगळ्या करून.