डिस्चार्जनंतर जुन्या गोळ्या चालू ठेवाव्यात का?

प्रश्न (फोंडा): न्यूमोनियातून उठलेल्या सासूबाईंच्या डिस्चार्ज कार्डावर रक्तदाबाची नवी गोळी आहे, परंतु घरातील जुनी बंद करावी की नाही, याचा उल्लेख नाही. दोन्ही द्याव्यात का?

उत्तर (मडगाव): पाकिटावर ब्रँडसोबत छापलेले मूळ औषधाचे नाव वाचा; दोन्हींत ॲम्लोडिपिनच असेल, तर मात्रा दुप्पट होऊन चक्कर येण्याची, वृद्ध माणूस पडण्याची भीती असते. डॉक्टरांना आजच विचारा, तोवर दोन्ही एकत्र देऊ नका.

उत्तर (म्हापसा): मधुमेह असल्यास मेटफॉर्मिनचेही विचारा. रुग्णालयात ते बऱ्याचदा थांबवून इन्सुलिन देतात, आणि पुन्हा कधी सुरू करावे हे लिहायचे राहून जाते. फॅमिली डॉक्टरांकडे औषधांचा सगळा डबाच न्यावा. फार्मसीत फक्त चिठ्ठी पाहतात.

प्रश्नकर्ती: दोन्हींत ॲम्लोडिपिनच निघाले. डॉक्टरांनी जुनी गोळी बंद करून कार्डावर तसे लिहून दिले.