भाषा विभागाने फक्त निबंधस्पर्धाच घ्यायच्या का?

एकांचं म्हणणं आहे की शाश्वत विकास हा विज्ञान शाखांचा विषय, भाषा विभागांनी फार तर निबंधस्पर्धा घ्यावी. अजिबात पटलं नाही. (निबंधस्पर्धांनी किती झाडं वाचली, हा वेगळाच प्रश्न.)

संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली शाश्वत विकासाची १७ उद्दिष्टं ठरवली, त्यात भाषेचं स्वतंत्र असं एकही नाही, हे खरं. पण त्यातलं शिक्षणाविषयीचं ४.७ हे लक्ष्य शाश्वत जीवनशैली, मानवी हक्क, जागतिक नागरिकत्व आणि सांस्कृतिक विविधता एकत्रच आणतं. १९९८ च्या आऱ्हूस कराराने (हा युरोपात झालेला पर्यावरणविषयक आंतरराष्ट्रीय करार) तर पर्यावरणाची माहिती मिळणं आणि निर्णयात सहभागी होणं हा लोकांचा हक्क मानला. आता एखाद्या प्रकल्पाचे पर्यावरणावर काय परिणाम होतील हे सांगणाऱ्या शेकडो पानी अहवालाची भाषाच त्या प्रकल्पाने बाधित होणाऱ्यांना येत नसेल, तर त्यावरची जनसुनावणी कागदोपत्री पार पडते, इतकंच.

इथे भाषा शिकणाऱ्याला खरं काम आहे. अहवालातला पाण्याचा भाग घ्यायचा, बाधितांच्या भाषेत दोन पानांत उतरवायचा, प्राध्यापकांकडून तपासून घ्यायचा आणि लोकांसमोर वाचायचा. कुणीतरी मध्येच विचारतं, "म्हणजे विहीर आटणार का?" अहवालात सरळ उत्तर नसतं. मग तोच प्रश्न लेखी हरकत म्हणून मांडायला मदत करायची. ऐकणं, सारांश, औपचारिक लेखन, सगळा अभ्यासक्रम त्यात येतो.

फक्त हे काम श्रेयांक (क्रेडिट) देऊन, निदान वर्षभर चालावं. सत्र संपलं की गायब होणारे विद्यार्थी लोकांना नकोसे होतात, आणि त्यात लोकांचं काही चुकत नाही.